नसलेल्या गायकांचीं गाणीं

गेल्या मार्गशीर्षांत आमची भाची अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठीं आमच्याकडे राहावयास आली होती. भाची म्हटली म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें एखादी तरुण मुलगी उभी राहील. परंतु ही आमची भाची त्रेसष्ट वर्षांची आहे, आणि तिचा मामा जो मी, तो तिच्याहून अवघ्या पांच वर्षांनीं वडील आहें. थोरल्या बहिणीचें लग्न लवकर झालें व मी आईचें शेंडेफळ. त्यामुळें आम्ही मामा-भाची सांगलीच्या वाड्यांत एकाच अंगणांत खेळत वाढलों.

एके दिवशीं दुपारीं ती सोप्यावर मेथी निवडीत बसली होती. शेजारीं तिचा मोबाइल होता व त्यांतून कसलेंसें इंग्रजी गाणें हळू आवाजांत चाललें होतें. मी पलीकडे वर्तमानपत्र वाचीत होतों. सहज वर पाहिलें, तों हिचे हात थांबलेले आणि डोळे भरून आलेले! माझा नातू तेथेंच खेळत होता. त्यानें विचारलें, “आत्या, हे गाणं कोण म्हणतंय?” तिनें ओढणीच्या टोकानें डोळे पुसले आणि म्हणाली, “अरे, ती माणसं नाहीतच. कधी नव्हतीच.”

मुलगा तेवढ्यानें समाधान पावून निघून गेला. माझें मात्र वर्तमानपत्रांतून लक्ष उडालें. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें कानीं पडतांच दुष्यंत राजा कारण नसतां व्याकुळ होतो, हा प्रसंग मीं मुलांस कितीतरी वर्षें शिकविला आहे. त्या बिचाऱ्यास आपण काय गमावलें आहे ह्याचेंच स्मरण नसतें. येथें प्रकार नेमका उलट होता. आमच्या भाचीस सर्व कांहीं आठवत होतें. ज्याची आठवण यावयाची तें मात्र जगांत कधींच नव्हतें. ह्या कोड्यानें मला चांगलेंच पकडलें. पुढील दिवसांत तिला मीं विचारून विचारून भंडावून सोडलें, आणि ती झोपली म्हणजे नातवाच्या संगणकावर स्वतःहि पुष्कळ वाचून काढलें. त्यांतलें कांहीं वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

प्रकार असा आहे. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत टेलिव्हिजनच्या मालिकांसाठीं गाणाऱ्या मंडळ्या निर्माण करण्याची एक तऱ्हा निघाली. आपल्याकडे नाटकमंडळी आधीं असे व नाटक मागाहून बसविलें जाई. येथें आधीं कथानक लिहीत, मग त्यांतल्या पात्रांचा बँड कल्पीत, आणि मग त्या कल्पित बँडच्या नांवानें खरोखरीच्या रेकॉर्डी काढून खऱ्या दुकानांत विकीत. रेकॉर्डीच्या वेष्टनावर ज्यांचे चेहरे, त्यांचेच आंतले आवाज असतील असा भरंवसा नसे. वाद्यें तर बहुधा दुसरेच कोणी वाजवीत.

ह्या तऱ्हेचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे ‘मंकीज’. मंकीज म्हणजे माकडें. इंग्रजी स्पेलिंगांतलें एक अक्षर मुद्दाम चुकविलेलें आहे, ही गोष्ट माझ्यासारख्या शिक्षकास पहिल्यानेंच खटकली. १९६४ सालीं इंग्लंडच्या बीटल्स मंडळींचा ‘अ हार्ड डेज नाइट’ हा चित्रपट निघाला व त्यांतील चौघांच्या धांवपळीनें तरुण जग वेडें झालें. तो पाहून बॉब राफेल्सन व बर्ट श्नायडर ह्या दोन निर्मात्यांस असेच चार उनाड तरुण टेलिव्हिजनवर आणावे असें वाटलें. १९६५ च्या सप्टेंबरांत त्यांनीं नाटक-सिनेमाच्या धंद्यांतील पत्रांत जाहिरात दिली. ४३७ उमेदवार आले. त्यांतून मायकेल नेस्मिथ, पीटर टॉर्क, मिकी डोलेन्झ व डेव्ही जोन्स असे चौघे निवडले गेले. नेस्मिथ व टॉर्क हे वाद्यें वाजविणारेच होते. डोलेन्झ लहानपणीं सर्कशींतल्या मुलाचें काम टेलिव्हिजनवर केलेला नट. त्याच्या वांट्यास ड्रम आले, आणि ते वाजवावयास तो भूमिका मिळाल्यानंतर शिकला. जोन्स हा मँचेस्टरचा, रंगभूमीवरचा. १९६४ च्या फेब्रुवारींत बीटल्स अमेरिकन टेलिव्हिजनवर पहिल्यानें झळकले, त्याच रात्रीं त्याच कार्यक्रमांत हा पोरहि ‘ऑलिव्हर’ नाटकांतल्या मंडळींबरोबर गायिला होता. दैवाच्या अशा गमती असतात.

१२ सप्टेंबर १९६६ रोजीं एन.बी.सी.वर मालिका सुरू झाली. समुद्रकांठच्या घरांत राहणारे, खिशांत दमडी नसलेले चार गवई नांव मिळविण्यासाठीं धडपडतात व दर आठवड्यास फजीत होतात, एवढेंच कथानक. मौज पाहा कीं पडद्यावर ज्या मंडळीस कोणी विचारीत नव्हतें, तिच्या रेकॉर्डी पडद्याबाहेर लाखांनीं खपत होत्या. ‘लास्ट ट्रेन टु क्लार्क्सव्हिल’ हें पहिलें गाणें मालिकेच्या आधींच बाजारांत आलें व पाहतां पाहतां पहिल्या क्रमांकावर गेलें. दुसरें ‘आय ॲम अ बिलीव्हर’. तें नील डायमंडनें रचलेलें. तें त्या क्रमांकावर सात आठवडे ठाण मांडून बसलें. ह्या सर्वांमागें डॉन कर्शनर नांवाचा एक संगीताचा व्यापारी होता. गाणीं कोणाकडून लिहवून घ्यावयाचीं, कोणते वादक बसवावयाचे, कोणत्या गाण्यास कोणाचा गळा लावावयाचा, हें सर्व तो ठरवी. चौघांनीं येऊन गावें आणि जावें, एवढेंच त्यांचें काम.

येथपर्यंत ही कथा धंद्याची. पुढें मात्र ती मला खरोखरीच रसाळ वाटली. नाटकांतल्या राजास एके दिवशीं खरोखर राज्य करावेंसें वाटूं लागावें, तसें ह्या चौघांचें झालें. १९६६ च्या डिसेंबरांत होनोलुलू येथें त्यांनीं प्रथम लोकांपुढें प्रत्यक्ष गायन-वादन केलें, आणि पुढें गांवोगांव तेंच सुरू झालें. म्हणजे ज्या बँडचें नुसतें सोंग आणावयाचें होतें तो बँड त्यांस व्हावेंच लागलें. इकडे त्यांच्या गांवींहि नसतां त्यांच्या नांवाची दुसरी लांब रेकॉर्ड १९६७ च्या जानेवारींत बाजारांत आली. हे स्वतः वाजवीत नाहींत हें एव्हांना बाहेर फुटलें होतें व वर्तमानपत्रें ‘खोटी मंडळी’ म्हणून त्यांस टोचूं लागलीं होतीं. नेस्मिथ इतका संतापला, कीं एका हॉटेलांत बोलणें चालूं असतां त्यानें भिंतीस ठोसा मारून भोंक पाडलें. अखेर कर्शनर गेला, आणि १९६७ च्या मे महिन्यांत ‘हेडक्वार्टर्स’ ही रेकॉर्ड निघाली. तींतील बहुतेक सर्व वाद्यें ह्या चौघांनीं स्वतः वाजविलेलीं आहेत. ती एक आठवडा पहिल्या क्रमांकावर राहिली. दुसऱ्या आठवड्यास बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ आली व हिला खालीं उतरावें लागलें. परंतु जाणकारांना तुलनेनें ओबडधोबड वाटणारी ही रेकॉर्डच त्यांच्या चाहत्यांस सर्वांत प्रिय आहे असें भाची सांगते. मलाहि ती ऐकून तसेंच वाटलें, जरी त्या संगीतांतलें मला फारसें कळत नाहीं हें कबूल केलें पाहिजे.

जातां जातां ह्या नेस्मिथच्या आईविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून शाळामास्तरास राहवत नाहीं. ही बाई डल्लास येथें एका बँकेंत टंकलेखनाचें काम करी. टंकलेखनांतल्या चुका झांकण्यासाठीं तिनें घरच्या घरीं एक पांढरा द्राव तयार केला. पुढें त्याचा मोठा कारखाना झाला व १९७९ सालीं तो ४७.५ दशलक्ष डॉलरांस विकला गेला. कागदावरच्या चुका पुसून टाकणारा तो पांढरा रंग तो हाच. मीं आयुष्यभर तांबडी शाई वापरली. ह्या गोष्टीकडे मी पुढें परत येणार आहें.

मंकीजची मालिका १९६८ च्या मार्चमध्यें ५८ भागांनंतर बंद पडली. त्याच सालीं त्यांनीं ‘हेड’ नांवाचा चित्रपट काढला. त्याच्या लेखनांत जॅक निकल्सन ह्या पुढें जगप्रसिद्ध झालेल्या नटाचा हात होता. स्वतःच्याच खोटेपणाची त्यांनीं त्यांत थट्टा केली होती. पण ज्या मुलांचा त्या खोटेपणावर जीव जडला होता त्यांस ती रुचली नाहीं व चित्रपट सपशेल पडला.

कर्शनरनें मात्र झाल्या प्रकारापासून जो धडा घ्यावयाचा तो घेतला. हाडामांसाचे गवई भांडतात. तेव्हां गवई चित्रांतलेच असले तर? १९४१ पासून चाललेल्या आर्ची नांवाच्या चित्रकथेवरून १९६८ च्या सप्टेंबरांत हलत्या चित्रांची एक मालिका सी.बी.एस.वर आली. त्यांतील आर्ची, बेटी, व्हेरॉनिका वगैरे शाळकरी मुलांचा एक बँड होता, आणि त्या बँडच्या गाण्यांची व्यवस्था कर्शनरकडे. चित्रांतला आर्ची आपल्या नांवावर काय विकलें जातें हें विचारावयास येणार नव्हता! जेफ बॅरी व अँडी किम ह्यांनीं रचलेलें ‘शुगर, शुगर’ हें गाणें १९६९ सालीं निघालें. गाणारा रॉन डान्टे. स्त्रीस्वर टोनी वाइन हिचा. अमेरिकेंत तें चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें, ‘बिलबोर्ड’ पत्राच्या हिशेबानें त्या सालचें सर्वांत गाजलेलें गाणें तेंच ठरलें, आणि इंग्लंडांत तर तें आठ आठवडे पहिलें होतें. ज्या वर्षीं माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीं पृथ्वीवर सर्वांत लोकप्रिय झालेले गायक कागदावरचे होते!

गाण्याचे शब्द म्हणाल तर त्यांत साखर आहे, मध आहे, आणि पुन्हां साखर आहे. आमच्या नातवानें एकदां ऐकून तें पाठ केलें. ह्यांतच त्याचे गुणदोष आले. भाचीपाशीं ह्या आर्चीची रेकॉर्ड होती ती दुकानांतली नव्हे. न्याहारीच्या धान्याचीं पुठ्ठ्याचीं खोकीं येत, त्यांच्या पाठीवरच रेकॉर्ड छापलेली असे. ती कात्रीनें गोल कापून यंत्रावर लावावयाची. चार-दोन वेळां वाजविली कीं पुठ्ठा वांकून सुई घसरूं लागे, मग वर एक नाणें ठेवून ती वाजवीत. ती रेकॉर्ड मिळावी म्हणून हिनें न आवडणारें धान्य महिनाभर खाल्लें. आपल्याकडे आर्चीचीं पुस्तकें इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या हातीं वर्षानुवर्षें दिसत, आणि २०२३ सालीं झोया अख्तर ह्यांनीं त्यावर हिंदी चित्रपटहि केला. त्यांत तीच मंडळी १९६४ सालच्या एका कल्पित अँग्लो-इंडियन डोंगरी गांवांत आणून बसविली आहेत. कल्पिताचा हा आणखी एक प्रवास.

परंतु त्या दुपारीं मेथी निवडतां निवडतां जें गाणें लागलें होतें तें ह्या दोहोंपैकीं कोणाचेंहि नव्हतें. तें होतें पार्ट्रिज कुटुंबाचें.

आतां थोडें घरचें सांगितलें पाहिजे. आमच्या सांगलीच्या वाड्यांत त्या वेळीं एकोणीस माणसें होतीं. आजी, आईवडील, दोन काका-काकू, आत्या, चुलत भावंडें, एक विद्यार्थी वार लावून जेवणारा, असा तो गोतावळा. बहिणीचे यजमान नोकरीनिमित्त मुंबईस असत. तेथें जागेची अडचण, म्हणून बहीण व भाची बहुतेक वाड्यांतच होत्या. रात्रीं अंगणांत अंथरुणें पडलीं म्हणजे कोणाच्या शेजारीं कोण ह्यावरून भांडणें होत. १९६५ सालीं अमेरिकेनें परदेशी लोकांस येऊं देण्याचा आपला कायदा बदलला व शिकलेल्या हिंदी माणसांस ती वाट मोकळी झाली. मेव्हणे इंजिनियर, १९६९ सालीं ते पत्नी व मुलीसह पिट्सबर्गला गेले. भाची तेव्हां सात वर्षांची होती.

तेथें घर मोठें होतें आणि माणसें तीन. मेव्हणे कारखान्यांतून उशिरां येत. थोड्याच दिवसांत बहिणीसहि एका प्रयोगशाळेंत काम मिळालें. शाळा सुटली कीं ही पोर गळ्यांतल्या दोऱ्यास अडकविलेल्या किल्लीनें दार उघडून आंत जाई व दिवे लावून टेलिव्हिजनपुढें बसे. त्या घरांत बोलणारें तेवढेंच एक होतें.

२५ सप्टेंबर १९७० रोजीं ए.बी.सी.वर ‘द पार्ट्रिज फॅमिली’ सुरू झाली. दर शुक्रवारीं रात्रीं साडेआठ वाजतां. एक विधवा आई आणि तिचीं पांच मुलें मिळून बँड काढतात, एक जुनी शाळेची बस विकत घेऊन ती तांबड्या, पिवळ्या, निळ्या चौकटींनीं रंगवितात, आणि गांवोगांव गात फिरतात. वरवर पाहतां हें अगदीं अशक्य वाटावें. परंतु ह्याचें मूळ खरें होतें. ऱ्होड आयलंड संस्थानांतील न्यूपोर्टचें कौसिल नांवाचें एक कुटुंब होतें. तेथें भावंडें व त्यांची आई खरोखरच एकत्र गात. १९६७ सालापासून त्यांचीं गाणीं गाजत होतीं. त्यांनाच मालिकेंत घ्यावें असा विचार निघाला होता, पण आईच्या जागीं नटी घालावयाची अट पडली व त्यांनीं नाकारलें. खरें कुटुंब आईवांचून येईना, म्हणून खोटें कुटुंब उभें करावें लागलें.

आईचें काम शर्ली जोन्स हिनें केलें. ही ‘ओक्लाहोमा’ चित्रपटाची नायिका व ऑस्करची मानकरी. थोरला मुलगा झाला डेव्हिड कॅसिडी. तो प्रत्यक्षांतहि तिचा सावत्र मुलगा होता. रेकॉर्डीवर ह्या सहाजणांपैकीं आवाज होते ते ह्या दोघांचेच. त्यांतहि मुलानें गावें असें आधीं ठरलें नव्हतें. त्यालाहि ओठच हलवावयाचे होते. आपणांस गातां येतें हें त्यानें दाखवून दिलें तेव्हां मुख्य आवाज त्याचा झाला. मागचे भरीचे सूर पोटासाठीं गाणाऱ्या प्रौढ व्यवसायी गायकांचे. हाल ब्लेनसारखे नामांकित वादक वाद्यें वाजवीत, आणि पडद्यावर दहा वर्षांचा तांबड्या केसांचा पोर तीं वाजविल्याचें सोंग करी. टोनी रोमिओनें रचलेलें ‘आय थिंक आय लव्ह यू’ हें त्यांचें पहिलेंच गाणें १९७० च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत पहिलें आलें. आमच्या सोप्यावर वाजत होतें तें हेंच.

आणि येथें माझा स्वतःचा संबंध येतो.

१९७१ सालीं भाचीनें आपल्या आजीस, म्हणजे माझ्या आईस, निळ्या हवाईपत्रावर एक पत्र लिहिलें. तिकडे गेल्यानंतर तिनें मराठींत स्वतःच्या हातानें लिहिलेलें तें पहिलेंच. पत्रांत ना हवापाणी ना अभ्यास. सगळें त्या पार्ट्रिजांविषयीं. दर शुक्रवारीं आमच्याकडे एक घर येतें, त्यांत खूप माणसें आहेत, तीं सगळीं एकाच गाडींत बसतात आणि गातात, थोरल्या दादाचे केंस लांब आहेत, असें कायकाय लिहिलें होतें. आईस अक्षर लागेना म्हणून पत्र मीं मोठ्यानें वाचलें. सांगलींत आम्हांस टेलिव्हिजन म्हणजे काय हेंच ठाऊक नव्हतें. दिल्लीस तो होता, पण मुंबई केंद्रहि १९७२ च्या ऑक्टोबरांत निघालें. आईनें ऐकून घेतलें, आणि एवढेंच विचारलें, “अग बाई, त्या पोरांना वडील नाहीत होय?” घरांत हंशा पिकला.

मी तेव्हां चौदा वर्षांचा. संस्कृतांत वर्गांत पहिला, आणि त्यामुळें जगांतील सर्व व्याकरण माझ्या ताब्यांत आहे अशी समजूत. आईनें उत्तर लिहावयास सांगितलें तें मीं लिहिलें. त्यांत पत्रांतल्या सतरा चुका क्रमवार दाखविल्या. ऱ्हस्वदीर्घ, लिंगें, विभक्ति, कांहीं सोडलें नाहीं. आणि खालीं असें लिहिलें कीं, हीं माणसें खरीं नाहींत, तें नुसतें नाटक आहे, नसलेल्या माणसांविषयीं एवढें लिहिणें वेडेपणाचें आहे. आईस वाचून दाखवितांना हा भाग गाळला.

त्यानंतर भाचीचें पत्र आलें नाहीं. बहिणीच्या पत्राखालीं तेवढी तिची ‘सा. न.’ असे. तिला मराठी उत्तम बोलतां येतें. लिहीत मात्र ती आजतागायत नाहीं. ह्या दोन गोष्टींचा संबंध मीं पन्नासाहून अधिक वर्षें जोडला नव्हता. तो त्या मेथीच्या दिवशीं जोडला गेला, कारण नातू गेल्यावर ती सहज म्हणाली, “मामा, तू तेव्हाच लिहिलं होतंस की ती खरी नाहीत. मला ते ठाऊक होतं रे. नऊ वर्षांची होते, दोन वर्षांची नव्हते.”

तिला ठाऊक होतें! हें ऐकल्यावर मला आमच्या शास्त्रांतल्या श्रीशंकुकाची आठवण झाली. हा काश्मीरचा पंडित नवव्या शतकांतला. त्याचा ग्रंथ लुप्त झाला असून अभिनवगुप्त, मम्मट ह्यांच्या लिखाणांतून त्याचें मत आपणांस कळतें. रामाचें काम करणाऱ्या नटाकडे पाहतांना प्रेक्षकाची बुद्धि कोणत्या प्रकारची असते, असा त्याचा प्रश्न. हा खराच राम, असें त्यास वाटत नाहीं. हा राम म्हणतां म्हणतां नव्हे असें ठरलें, असेंहि नाहीं. हा राम असेल वा नसेल हा संशय नाहीं. हा रामासारखा आहे ही तुलनाहि नाहीं. ह्या चारहि प्रकारांहून निराळी अशी ती प्रतीति असते. चित्रांतला घोडा पाहून लहान मूलहि ‘घोडा’ म्हणतें तशी. कोणी त्यास दाणावैरण घालावयास जात नाहीं, आणि कोणी त्यास खोटारडाहि म्हणत नाहीं. अभिनवगुप्ताचे गुरु भट्टतौत ह्यांनीं शंकुकाचें मत खोडून काढलें आहे हें मला माहीत आहे. तरीहि तो चित्रतुरग मीं वर्गांत हजारदां काढून दाखविला. स्वतःच्या भाचीस मात्र चौदाव्या वर्षीं दाणावैरणीचा हिशेब विचारला. बालगंधर्व पुरुष आहेत हें न कळण्याइतक्या आमच्या आज्या-पणज्या भोळ्या नव्हत्या. म्हणून त्यांच्या नेसण्याचें अनुकरण करावयाच्या त्या राहिल्या नाहींत.

अर्थात् शंकुकाच्या घोड्यानें कोणास लाथ मारल्याचें ऐकिवांत नाहीं; ह्या घोड्यानें मारली. कॅसिडी पाहतां पाहतां इतका लोकप्रिय झाला, कीं त्यास पाहण्यासाठीं मुलींचे लोंढे लोटत. २६ मे १९७४ रोजीं लंडनच्या व्हाइट सिटी मैदानांत त्याच्या कार्यक्रमांत चेंगराचेंगरी झाली, शेंकडों मुलींस इजा झाली, आणि चौदा वर्षांची एक मुलगी चार दिवसांनीं दवाखान्यांत वारली. त्यापूर्वीं दोनच महिने मालिका ९६ भागांनंतर संपली होती. कॅसिडीनें दौरे सोडले. पुढें सारा जन्म तो त्या लांब केसांच्या दादापासून सुटूं पाहत होता, पण लोक त्याच्याकडे त्यालाच मागत. २०१७ च्या नोव्हेंबरांत तो गेला. वय सदुसष्ट, माझ्याहून थोडें कमीच. त्या दिवशीं भाचीनें कामावरून अर्धी रजा काढली, आणि कारण विचारलें तेव्हां घरांतलें कोणी गेलें असें सांगितलें.

मंकीजचें भाग्य त्या मानानें बरें. १९८६ च्या फेब्रुवारींत एम.टी.व्ही.नें त्यांचे जुने भाग एका दिवसांत लागोपाठ दाखविले, आणि त्या वेळीं जन्मलेलीहि नव्हतीं अशीं मुलें त्यांच्या नादास लागलीं. तेव्हांपासून ते अधूनमधून एकत्र येऊन गात राहिले. २०१६ सालीं पन्नास वर्षें झालीं म्हणून नवी रेकॉर्डहि काढली. जोन्स २०१२ सालीं गेला, टॉर्क २०१९ सालीं. उरलेल्या दोघांनीं २०२१ च्या १४ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस येथें निरोपाचा शेवटचा कार्यक्रम केला, त्यानंतर महिनाभरांतच नेस्मिथ गेला, आणि डोलेन्झ एकटा मागें राहिला. जे बँड नव्हतेच असें लोक म्हणत, ते पंचावन्न वर्षें बँड होते. खऱ्या बीटल्सना दहा वर्षें एकत्र राहतां आलें नाहीं त्या नांवानें जगप्रसिद्ध झाल्यावर.

ही तऱ्हा अजून चालूंच आहे. भाचीची मुलगी लहान असतां, २००६ सालीं, हॅना मोंटाना नांवाच्या अशाच एका कल्पित गायिकेनें तिकडच्या मुलींस वेड लावलें होतें, व आतां त्या मुलीहि तिशीकडे झुकून तीं गाणीं उसासे टाकीत ऐकतात म्हणे. तें मीं मुद्दाम ऐकलें नाहीं. माझ्या वयास दोन-तीन बँड पुरे आहेत.

परत जाण्याच्या आदल्या दिवशीं भाची पुन्हां मेथीच घेऊन बसली होती. तिकडे नेण्यासाठीं ठेपले करावयाचे होते. मीं शेजारीं जाऊन बसलों व तिला सरळच विचारलें, कीं त्या गाण्यांत असें काय होतें? ती जरा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “गाण्यात काही नाही रे. ती बस होती ना, तिच्यात खूप जागा रिकामी दिसायची. ते सहाच जण, आणि एवढी मोठी बस. मी रोज रात्री झोपताना तिच्यात आपल्या वाड्यातली माणसं बसवायची. पणजी पुढे, खिडकीशी. आजी तिच्या मागे. काकू सगळ्या एका बाजूला. तो वार लावून जेवणारा होता ना, त्यालासुद्धा घेतलं होतं. एकोणीसच्या एकोणीस मावायची. तसं चित्र काढलं होतं मी, आजीला पाठवायचं म्हणून. पुढच्या पत्रात.”

पुढचें पत्र आलें नाहीं, हें आम्हां दोघांसहि ठाऊक होतें. मीं थोड्या वेळानें विचारलें, “आणि मी? मी कुठे बसलो होतो?”

“तू ड्रायव्हरच्या मागे. मग तुझं पत्र आलं. मी तुला उतरवला.”

“मग पुन्हा घेतलास की नाही?”

“घेतला रे. दोन शुक्रवार चालवला मात्र,” असें म्हणून ती हंसली, आणि निवडावयाची दुसरी जुडी तिनें माझ्यापुढें सरकविली.